आईच्या गाठीचा नमुना संशोधनाला देताना 'पेटंटवर हक्क नाही' या कलमावर सही करावी का?

मुक्ता७

नमस्कार, जरा घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पुढच्या आठवड्यात आईचं ऑपरेशन आहे, स्तनातली गाठ काढायचीय. ऑपरेशनची संमती वेगळी झाली, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. काल मात्र संशोधन विभागाच्या को-ऑर्डिनेटर ताई अजून एक सहा पानी फॉर्म देऊन गेल्या. गाठीतला निदानाला लागून उरलेला भाग आणि थोडं रक्त बायोबँकेत, म्हणजे संशोधनासाठी नमुने साठवतात तिथे, ठेवायची परवानगी द्या, असा. आईने लगेच पेन मागितलं, म्हणाली नाहीतरी ते टाकूनच देणार ना, कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच आहे की. मी म्हटलं थांब जरा, वाचू दे. तर पाचव्या पानावर तळाला एक कलम आहे, नमुन्यांपासून व्यावसायिक उत्पादनं, चाचण्या किंवा पेटंट निर्माण होऊ शकतात आणि त्यात सहभागी व्यक्तीचा किंवा वारसांचा कोणताही हक्क किंवा आर्थिक वाटा राहणार नाही.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. पैसे नकोत आम्हाला, खरंच नकोत. पण उद्या अशाच तुकड्यांमधून एखादी टेस्ट निघाली, तिच्यावर कुणीतरी पेटंट घेतलं, आणि माझ्या धाकट्या बहिणीलाच ती परवडली नाही तर? हे मी ताईंना विचारलं तर म्हणाल्या हे नेहमीचं कलम आहे, सगळेच सही करतात. बोलल्या चांगल्या, जबरदस्ती अजिबात केली नाही, पण उत्तर काही मिळालं नाही.

मला विचारायचंय ते असं की माणसाच्या शरीरातून निघालेल्या गोष्टीवर पेटंट मिळतंच कसं, नाही म्हटलं तर उपचारात फरक पडतो का, आणि तेवढं एक कलम खोडून बाकी फॉर्मवर सही चालते का? कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज लिहा.

पॅराफिन

मुक्ता, आधी आईंना शुभेच्छा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. उपचारात फरक पडता कामा नये, आणि फॉर्ममध्ये तसं स्वच्छ लिहिलेलं असायला हवं, पहिल्या-दुसऱ्या पानावर 'सहभाग ऐच्छिक आहे' अशा अर्थाचं वाक्य शोधा. नसेल तर सगळ्यात आधी तेच विचारा.

गाठ आमच्याकडे आली की काय होतं ते सांगतो म्हणजे 'उरलेला भाग' म्हणजे काय ते कळेल. गाठ फॉर्मॅलिनच्या डब्यात येते, डॉक्टर मापं घेतात, कडांना शाई लावतात म्हणजे कुठली बाजू कुठे होती ते नंतर समजतं, मग पातळ तुकडे करून छोट्या जाळीदार कॅसेटमध्ये ठेवतात, रात्रभर मशीनमध्ये, सकाळी मेणात बसवून ब्लॉक तयार, त्यावर नंबर. त्या ब्लॉकवरून तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलायचे. बायोबँकेला ताजा तुकडा हवा असेल तर तो फॉर्मॅलिनच्या आधी घ्यावा लागतो, पण तेव्हासुद्धा निदानाला पुरेसं आहे असं पॅथॉलॉजिस्टने म्हटल्याशिवाय कुणी हात लावायचा नसतो. त्यामुळे ती भीती काढून टाका.

आता पेटंटचं. मी वकील नाही, पण जे बघितलंय त्यावरून सांगतो, एकट्या एका बाईच्या गाठीवर सहसा पेटंट होत नाही, शेकडो नमुने एकत्र बघून काहीतरी सापडतं. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या १८९ गाठी तपासल्या आणि ज्यांच्यात हर-टू या, पेशींची वाढ वाढवणाऱ्या जीनच्या जादा प्रती आहेत त्यांचा आजार लवकर उलटतो हे दाखवलं. १९९८ मध्ये त्याच हर-टूवर चालणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. तुमच्या आईच्या गाठीवरसुद्धा हर-टूची टेस्ट होईल, बघा रिपोर्टमध्ये. ती टेस्ट आज आहे ती त्या बायकांच्या गाठी कुणीतरी जपून ठेवल्या म्हणून. मी तरी सही करा म्हणेन.

राघू

पॅराफिनशी सहमत आहे पण 'एकट्याच्या शरीरावर पेटंट होत नाही' हे पूर्ण खरं नाही. जॉन मूर यांची केस माहीत असायलाच हवी.

१९७६ मध्ये त्यांना हेअरी सेल ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर झाला, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये प्लीहा काढली, तब्येत सुधारली. त्यानंतर सात वर्षं ते सिएटलहून विमानाने तपासणीला जात राहिले, रक्त, मज्जा, त्वचा, वीर्य सगळ्याचे नमुने देत राहिले, आपल्याच तब्येतीसाठी चाललंय असं समजून. इकडे त्यांच्या पेशींपासून एक सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढत राहणाऱ्या पेशी, तयार झालेली होती. १९८३ मध्ये त्यांच्यापुढे एक फॉर्म आला, त्यात आपल्या पेशींपासून होणाऱ्या गोष्टींवरचे हक्क विद्यापीठाला 'देतो' किंवा 'देत नाही' यापैकी एकावर गोल करायचा होता. पहिल्यांदा त्यांनी 'देतो'वर गोल केला. पुढच्या वेळी तोच फॉर्म परत आला तेव्हा 'देत नाही'वर केला. मग डॉक्टरांकडून फोन, तुम्ही चुकून दुसरीकडे गोल केलाय. तिथे त्यांना शंका आली आणि ते वकिलाकडे गेले. १९८४ मध्ये पेटंट मंजूर झालं, त्यावर नावं होती डॉक्टरांची आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेची, मालकी विद्यापीठाची.

१९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. शरीरातून काढलेल्या पेशींवर मूर यांची मालकी मानली नाही, पण डॉक्टरांनी आपला संशोधनातला आणि पैशातला रस पेशंटला आधी सांगायलाच हवा होता असं म्हटलं. तुमच्या फॉर्ममधलं ते पाचव्या पानावरचं कलम कुठून आलं विचाराल तर इथून. सांगायला हवं होतं ना, मग आता सांगतात, छापून. पण छापणं वेगळं आणि समोर बसून समजावणं वेगळं हो. ताईंनी ज्या क्षणी 'सगळेच करतात' म्हटलं त्या क्षणी समजावणं राहिलंच.

हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकेतल्या कॅन्सर पेशंटच्याही पेशी अशाच न विचारता घेऊन पेटंट केल्या होत्या ना?

जुनी_वही

राघू, एक दुरुस्ती. हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी १९५१ मध्ये न विचारता घेतल्या हे बरोबर, पण त्यांच्यापासून झालेल्या हेला सेल लाइनवर कुणी पेटंट घेतलं नव्हतं. ती सुरुवातीला फुकट वाटली गेली, नंतर कंपन्या विकायला लागल्या, आणि तिचा वापर करून लागलेल्या पुढच्या शोधांवर मात्र भरपूर पेटंटं झाली. कुटुंबाला कित्येक वर्षं पत्ताच नव्हता, २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीशी त्यांची तडजोड झाली. हे मुद्दाम सांगतेय कारण पेटंट नसलं म्हणजे अन्याय नाही असं होत नाही, आणि उलटही.

मी पेटंटचे मसुदे करण्याचं काम करते, तर मुक्ताच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. पेटंट म्हणजे एखाद्या गोष्टीची मालकी असं लोक समजतात. खरं तर पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवायचा हक्क, साधारण वीस वर्षांसाठी, आणि त्याच्या बदल्यात शोध कसा लावला ते जगाला उघड सांगायचं. निसर्गात जे आहे तसंच आहे त्यावर ते मिळायला नको, माणसाने त्यात काहीतरी केलेलं हवं. आता 'काहीतरी' म्हणजे किती यावरच सगळं भांडण. १९८० मध्ये शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्तींनी लॅबमध्ये बदल करून बनवलेल्या तेल पचवणाऱ्या जीवाणूवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंट मान्य केलं आणि दार उघडलं, मग जीनसुद्धा 'शरीराबाहेर वेगळा काढला' एवढ्यावर पेटंट व्हायला लागले.

मुक्ता, तू बहिणीबद्दल जे लिहिलंस ते अगदी असंच घडून गेलंय. बीआरसीए हे दोन जीन, त्यात दोष असला की स्तनाचा आणि बीजकोशाचा कॅन्सर व्हायची शक्यता खूप वाढते. ते शोधायला ज्या घरांमध्ये आजी, मावशी, बहीण सगळ्यांना कॅन्सर झालेला त्या घरांनी रक्त दिलं. पेटंटं गेली मिरियड कंपनीकडे आणि अमेरिकेत ती संपूर्ण टेस्ट वर्षानुवर्षं एकाच लॅबमध्ये, किंमत तीन हजार डॉलरच्या वर. मला त्यातलं सगळ्यात जास्त टोचतं ते किंमतीपेक्षा दुसरंच. रिपोर्ट आला की दोष आहे, आता बीजकोश काढायचे की नाही हे ठरवायचंय, बाईला वाटतं एकदा दुसऱ्या लॅबमधून खात्री करून घ्यावी, तर दुसरी लॅबच नाही! शरीराचा अवयव काढायचा निर्णय आणि दुसरं मत घ्यायची सोय नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की निसर्गातला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून पेटंट मिळणार नाही, आणि त्याच दिवशी दुसऱ्या लॅब्सनी टेस्ट जाहीर केल्या.

पण इथे एक गोष्ट सुटते. त्या कंपनीने २००४ पासून आपल्याकडे सापडलेल्या दोषांची माहिती सार्वजनिक डेटाबेसला देणं बंद केलं होतं. कुठला बदल धोक्याचा आणि कुठला निरुपद्रवी हे हजारो बायकांच्या रिपोर्टांवरून त्यांना कळलेलं, ते त्यांच्याकडेच राहिलं. पेटंट गेलं तरी ते राहिलं. म्हणून पेटंट रद्द करा की सगळं मोकळं होईल असं मला वाटत नाही.

शेखर_म

सही करू नका. सरळ गोष्ट आहे. हॉस्पिटलला पेटंटवर पैसे मिळणार, कंपनीला मिळणार, डॉक्टरांचं नाव होणार, फक्त ज्याच्या शरीरातून आलं त्याचा हक्क नाही असं आधीच लिहून घेणार. बाकी सगळ्यांनी आपापला वाटा लिहून घेतलाय मग पेशंटनेच का उदार व्हायचं? सगळे नाही म्हणायला लागले की कलम आपोआप बदलेल.

सावली

शेखरदादा, तुमचा राग मला समजतो पण मी दुसऱ्या बाजूने सांगते. माझ्या मुलाला एक दुर्मिळ जनुकीय आजार आहे. नाव लिहीत नाही, पेशंट इतके कमी आहेत की ओळखू येईल. आम्ही त्याचे नमुने तीनदा दिले. सगळ्या पेशंटनी नाही म्हणायचं ठरवलं तर मोठ्या आजारांचं एक वेळ चालून जाईल, आमच्या आजारात वीस कुटुंबांनी नाही म्हटलं की संशोधनच बंद. आमच्याकडे नाही म्हणायची सोय नाहीये दादा.

आणि तरीही मुक्ताची भीती खरी आहे. कॅनाव्हान नावाचा आजार आहे, बाळाच्या मेंदूतला पांढरा भाग झिजत जातो, फार थोडी मुलं मोठी होतात. १९८७ मध्ये अशा मुलांच्या आईवडिलांनी स्वतःहून एका डॉक्टरांना गाठलं, जीन शोधा म्हणून विनवलं, बाकीची कुटुंबं शोधून दिली, पैसे जमवले, गेलेल्या मुलांच्या उती दिल्या. १९९३ मध्ये जीन सापडला. त्यांना वाटलं आता सगळ्यांना तपासणी मिळेल, एका संस्थेने ती मोफत सुरूही केली. १९९७ मध्ये मायामीच्या ज्या बालरुग्णालयात डॉक्टर काम करत होते त्यांना पेटंट मिळालं आणि त्यांनी लॅब्सकडून प्रत्येक टेस्टमागे रॉयल्टी मागायला सुरुवात केली, कुणी किती टेस्ट करायच्या त्यावरही बंधनं. मोफत तपासणी बंद पडली. आईवडील कोर्टात गेले, २००३ मध्ये त्यांचे बहुतेक दावे फेटाळले, एकच टिकला, की यांच्या देणगीवर तुम्ही अन्याय्य फायदा घेतलात, मग तडजोड झाली. मी ती केस पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रभर झोप नाही लागली. त्या लोकांनी चूक एवढीच केली की आधी काहीच लिहून घेतलं नाही. आपल्या मुलाच्या उती देताना कुणाला सुचतं हो करार करायचं.

दुसरी गोष्ट पण आहे आणि ती मी आमच्या पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगत असते. शॅरन टेरी आणि त्यांचे पती, दोन मुलांना पीएक्सई नावाचा आजार निघाला, १९९४ मध्ये. दोघांचाही विज्ञानाशी काही संबंध नव्हता. संशोधक वेगवेगळे येऊन मुलांचं रक्त मागायला लागले, एकमेकांना नमुने देईनात, मुलांना परत परत सुया. तेव्हा त्यांनी पेशंटचीच संस्था काढली आणि पेशंटचीच बायोबँक, नमुने हवेत तर आमच्या अटींवर घ्या. २००० मध्ये जीन सापडला, शॅरन टेरींचं नाव संशोधकांबरोबर शोधकर्त्यांत लागलं आणि पेटंट संस्थेकडे आलं. दुसऱ्या कुणी अडवू नये म्हणून घेतलेलं पेटंट! जुनी_वही ताई म्हणाल्या ना अडवायचा हक्क, तो हक्क पेशंटच्या हातात असला की टेस्ट स्वस्त ठेवायला पण वापरता येतो.

म्हणून मी मुक्ताला सही कर किंवा करू नको असं नाही सांगणार. पैशाचा वाटा मागू नकोस, ते कुणी देणार नाही आणि तुला नकोच आहे. टेस्ट निघाली तर ती मिळेल का, हे विचार, आणि लेखी विचार.

राघू

सावलीताई, सुंदर लिहिलंत.

यात भर म्हणून, हा विचार नवीन नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेचा २०१६चा तैपेई जाहीरनामा खास आरोग्य डेटाबेस आणि बायोबँकांवर आहे, त्यात व्यावसायिक वापर, फायद्याचं वाटप आणि बौद्धिक संपदा यांची माहिती संमती घेताना द्यायला हवी असं स्पष्ट आहे, शिवाय नंतर मन बदलायचा हक्कही आहे. आणि ह्यूगो या जीनोम संशोधकांच्या संघटनेच्या एथिक्स कमिटीने २०००मध्येच सुचवलेलं की नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी निव्वळ नफ्याचे १ ते ३ टक्के आरोग्यसेवेसाठी बाजूला ठेवावेत. अर्थात हे सगळं नैतिक पातळीवर, कायदा नव्हे. युरोपच्या १९९८च्या जैवतंत्रज्ञान निर्देशात पण आहे की ज्याच्या शरीरातून घेतलं त्याला संमती द्यायची संधी मिळालेली असावी, पण ते बंधनकारक कलमांत नाही, उपोद्घातात आहे, त्यामुळे संमती नव्हती म्हणून पेटंट नाकारता येत नाही. म्हणजे पेटंट ऑफिस हा प्रश्न विचारतच नाही. तो विचारला गेला तर हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीत, नाहीतर कुठेच नाही.

पॅराफिन

शेखरशी असहमत, सगळे नाही म्हणाले तर कलम बदलायच्या आधी माझ्या फ्रीजरमधली खोकी रिकामी होतील. पण सावलीताईंचं वाचून माझं मत थोडं बदललंय, खरं सांगतो. इतकी वर्षं मी हे कलम बघतोय आणि ते पेशंटला कसं वाटत असेल असा विचारच केला नव्हता. आम्हाला डब्यावर बारकोड दिसतो फक्त.

जुनी_वही

मुक्ताच्या तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं. कलम स्वतःच्या मनाने खोडून सही करू नकोस, असा फॉर्म बहुतेक ठिकाणी अवैध धरून नमुनाच घेत नाहीत आणि मग आईला जे द्यायचंय ते राहून जाईल. को-ऑर्डिनेटरना विचार की साठवणूक, संशोधन आणि व्यावसायिक वापर यांना वेगवेगळी संमती देता येते का, काही बायोबँकांमध्ये असे पर्याय असतात.

आणि खरी अट घालायची जागा तुझा फॉर्म नाहीच. हॉस्पिटल किंवा विद्यापीठ जेव्हा पेटंट कंपनीला लायसन्सने देतं तेव्हा. त्या कागदावर 'गरीब देशांत अडवणार नाही', 'निदानासाठी सगळ्या लॅब्सना वाजवी दरात' असं घालता येतं, एकदा सही झाली की नंतर कितीही ओरडा, हातात काही राहत नाही. स्टॅव्ह्युडिन हे एचआयव्हीचं औषध, त्याचा तो उपयोग येल विद्यापीठात सापडला, लायसन्स कंपनीला दिलं. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लोक मरत होते तेव्हा विद्यार्थी आणि स्वतः शोध लावणारे प्रूसॉफ यांनी आवाज उठवला, आणि कंपनीने तिथे पेटंट वापरून कुणाला अडवणार नाही असं जाहीर केलं. झालं ते चांगलंच, पण बाहेरून दबाव आणावा लागला, करारात आधीपासून असतं तर लागला नसता. म्हणून तू लेखी प्रश्न असा विचार: या नमुन्यांतून निघालेल्या पेटंटचं लायसन्स देताना परवडण्याबद्दल काही धोरण आहे का, असेल तर दाखवा. आपल्याला उत्तर मिळो न मिळो, एथिक्स कमिटीच्या फाइलमध्ये तो प्रश्न जातो.

मुक्ता७

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितेय, मधे ऑपरेशन झालं. आई बरी आहे, काल स्वतःची वेणी स्वतः घालायचा प्रयत्न करत होती, हात अजून वर जात नाही.

काय झालं ते सांगते. तुमच्या सगळ्यांच्या पोस्ट आईला वाचून दाखवल्या. सावलीताईंच्या पोस्टला ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली नमुना द्यायचाच, पण तू तो प्रश्न लिही, माझ्या नावाने लिही, तुझ्या नको. म्हणून जुनी_वही ताईंनी सुचवला तसाच एका कागदावर लिहिला आणि आईने त्याखाली सही केली. वेगवेगळी संमती देता येते का विचारलं तर या फॉर्ममध्ये सोय नाही म्हणाल्या, पण साठवणूक आणि मन बदललं तर नमुना परत मागायचं कलम दुसऱ्या पानावर निघालं, ते मी आधी नीट वाचलंच नव्हतं. को-ऑर्डिनेटर ताईंनी आमच्या कागदाची पोच दिली, शिक्का मारून. म्हणाल्या मी इथे आल्यापासून हे कुणी विचारलेलं नाही, लायसन्सचं धोरण कुठे असतं ते मलाच माहीत नाही, मी कमिटीसमोर ठेवते. आता वाट बघतोय. कमिटी महिन्यातून एकदा बसते.

काल पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, हर-टू पॉझिटिव्ह आहे. पॅराफिनदादा, तुम्ही सांगितलेल्या त्या १८९ जणी आईला लगेच आठवल्या, त्यांची नावं कुठे असतील का विचारत होती. नाहीत ना कुठे? ब्लॉकवर नंबर असतो म्हणालात, तो रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात आहे, आईने तिच्या डायरीत उतरवून घेतलाय.